शेंगीचे डोळे

गेल्या बुधवारी नागनाथभाऊजींचा फोन आला. हे ह्यांचे चुलतभाऊ. मंगळवेढ्याच्या पुढे त्यांची शेती आहे आणि आमच्या घरची वर्षाची ज्वारी लग्नापासून त्यांच्याच रानातून येते.

"वहिनी, रास झाली बगा. औंदा दाना लई टपोरा हाय. शनवारी गाडी येतीया सोलापूरला, चार पोती टाकतो. चालंल न्हवं?"

"चालेल," म्हणाले. पेन हातात होतंच. वार लिहिला, पोती लिहिली, आणि त्याखाली नेहमीची यादी सुरू केली. गच्ची झाडणे. ताडपत्री काढणे. दोन्ही चाळण्या. सूप. कोठ्या पुसून उन्हात. कडुलिंबाचा पाला, चांगला वाळलेला. दरवर्षी हीच यादी असते, त्यामुळे हात आपला चालत राहतो, डोकं लागत नाही. शेवटची ओळही हातानेच लिहिली. शेंगीला धुळीपासून लांब ठेवणे.

शेंगी मार्गशीर्षात गेली.

मी ती ओळ खोडली नाही. वही मिटली आणि कुकर लावायला उठले.

सुगी शेतात येते असं पुस्तकांतून वाचायला मिळतं. आमच्याकडे ती पोत्यांतून येते. विजापूर रोडच्या बाजूला आमची वसाहत आहे, सगळी बैठी आणि एकमजली घरं. फाल्गुन लागला की एकेका गच्चीवर ताडपत्र्या पसरतात. दुपारी अकरा-बाराला वर जावं तर चारी बाजूंनी चाळण्यांचा आवाज येत असतो, सर्र सर्र, आणि मध्येच कोणीतरी सूप आपटतं. नव्या ज्वारीला एक वास असतो. कोरड्या मातीचा, थोडा गोडसर, हुरड्याचा वास जुना झाल्यासारखा. पोतं उघडून त्यात कोपरापर्यंत हात घातला की वरचे दाणे गरम लागतात आणि आतले थंड. मला हे काम मनापासून आवडतं. ह्यात सगळं दिसतं. खडा वेगळा, कोंडा वेगळा, दाणा वेगळा. संध्याकाळी कोठी भरली की कोठी भरलेली असते. माझ्या शाळेच्या ऑफिसात असं कधी होत नाही. तिथली कामं संपतात, पण डोळ्यांना दिसत नाहीत.

शेंगी घरात आली तेव्हाही सुगीच होती. मिनू, माझी मुलगी, तेव्हा सहावीत होती. शाळेच्या कुंपणाजवळ सापडलेलं कुत्र्याचं पिल्लू तिने दप्तरात घालून आणलं, वह्या हातात धरून. भुईमुगाच्या शेंगेच्या रंगाचं, मध्ये बारीक, दोन्हीकडे फुगीर. "आई, ही शेंग आहे बघ नुसती," ती म्हणाली, आणि नाव पडलं ते पडलंच. मी म्हणाले होते, आठ दिवस. हे म्हणाले होते, चार दिवस. आमच्या दोघांच्याही आकड्यांना त्या पिल्लाने काही किंमत दिली नाही.

पहिल्याच वर्षी तिने स्वतःची नेमणूक करून घेतली. ताडपत्रीवर ज्वारी पडली की कबुतरं यायची. शेंगी ताडपत्रीच्या कडेला, बरोबर कडेला, दाण्यावर पाय न देता बसायची आणि कबुतर कठड्यावर टेकलं रे टेकलं की सुटायची. पकडलं एकही नाही. पण शेजारच्या गच्चीवर दाणे कमी व्हायचे आणि आमच्या नाही. शेजारच्या शिवलीलाताई म्हणायच्या, "तुमच्या घरी पगारी माणूस हाय गं, आमच्याकडं सगळी फुकटी." शिवलीलाताईंचं माहेर अक्कलकोटकडचं, घरात निम्मं कानडी. त्या शेंगीला "बा, बा" म्हणून हाक मारायच्या, म्हणजे ये. शेंगीला "ये"सुद्धा कळायचं आणि "बा"सुद्धा. मिनूचं इंग्रजी मात्र तिने शेवटपर्यंत मनावर घेतलं नाही.

तिच्या अकराव्या वर्षी, म्हणजे मागच्याच्या मागच्या सुगीत, मला पहिल्यांदा काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. मी ज्वारी निवडत होते. एक कबुतर उतरलं, ताडपत्रीवर चालत आलं आणि शेंगीच्या नाकापासून हातभर अंतरावर दाणे टिपायला लागलं. शेंगी बसली होती. डोळे उघडे होते. लांबच्या गच्चीवर वाळणारी साडी हलली, तिकडे मान वळवून भुंकली. आणि हे समोरचं कबुतर निवांत खातंय.

मग एकेक गोष्टी आठवत गेल्या. शेंगदाणा वर उडवला तर ती हवेतच झेलायची. ते कधी थांबलं? समोर टाकलेला बिस्किटाचा तुकडा ती आता नाकाने शोधते, ते कधीपासून? जिना उतरताना पहिल्या पायरीवर थांबते, एक पाय पुढे करून हवा चाचपते. मी तिचं तोंड दोन्ही हातांत धरून उजेडाकडे वळवलं. काळ्याभोर बाहुल्यांच्या आत निळसर धुकं होतं, दोन्हीकडे, हिवाळ्यात सकाळी तलावावर असतं तसं. ते धुकं एका दिवसात आलेलं नव्हतं. रोज सकाळी ते तोंड माझ्या मांडीवर होतं आणि मी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांकडे नेलं. तेव्हा मी दुसऱ्याच दिवशी नेलं होतं, हे इथे सांगून ठेवते.

डॉक्टर तरुण, बोलके. छोटी विजेरी घेऊन त्यांनी बराच वेळ पाहिलं. म्हणाले, "दोन्ही डोळ्यांत सारखं आहे. वय झालं की डोळ्यातलं भिंग मधून घट्ट होत जातं, म्हणून निळं दिसतं. मोतीबिंदू नाही हा. तो पांढरा असतो, दिसणं बंद करतो. हिला लांबचं बऱ्यापैकी दिसतंय. जवळचं अंधुक झालंय, आणि कमी उजेडात अडखळेल. बाई, तुम्हाला चष्मा आहे ना जवळचा?"

"आहे की."

"तेच हिला झालंय. चाळिशी. फक्त हिच्या कानांवर चष्मा राहणार नाही."

मी हसले. केवढं हलकं वाटलं होतं. त्यांनी पुढे सांगितलेलंही मी लिहून घेतलं. डोळा लाल झाला, मिटमिट करायला लागली, पाणी आलं, किंवा एक डोळा दुसऱ्यापेक्षा वेगळा वाटला, तर त्याच दिवशी आणा. "त्याच दिवशी" ते दोनदा म्हणाले. मी त्याखाली रेघ मारली.

घरी येऊन मी कामाला लागले. अशा वेळी मला सुचत जातं. जिन्याच्या प्रत्येक पायरीच्या कडेला पांढरी पट्टी चिकटवली. जिन्यात दिवा लावला, तो संध्याकाळी लागायचाच. पाण्याचं भांडं, अंथरूण, दोन्हींच्या जागा ठरवल्या आणि घरातल्या सगळ्यांना ताकीद दिली की खुर्ची ओढली तर परत जागेवर ठेवायची. ह्यांनी एकदा टीपॉय हलवला तर मी केवढी ओरडले. हे म्हणाले, "अगं, मला धडकायची सवय आहे, तिचं बघ." शेंगी पट्टीवर नेमका पाय ठेवून उतरायला शिकली. मी वहीत लिहिलं: डोळे, वयाचं आहे, काळजी नको. पुढे खूण केली. ती खूण करताना फार बरं वाटलं. एखादी गोष्ट नीट समजून घेतली, तिची व्यवस्था लावली आणि ती बाजूला ठेवली, ह्याच्यासारखं सुख माझ्यासारखीला दुसरं नाही.

ती बाजूला ठेवली, तिथेच घात झाला.

मागच्या वर्षीची सुगी. शनिवारी चार पोती आली. नागनाथभाऊजी स्वतः गाडीबरोबर आले होते. चहा पिताना शेंगी त्यांच्या पायाशी आली, त्यांनी तिची हनुवटी वर केली.

"डोळं निळं पडल्यात की ओ वहिनी हिचं."

"वयाचं आहे ते, भाऊजी. डॉक्टरांना दाखवलंय."

"व्हय? मग ठीक हाय. आमच्या तितं डॉक्टर म्हशीचं बगतोय तीच लई झालं, कुत्र्याला कोण इचारतंय."

मी शेंगीच्या वतीनेही हसले. मला त्या उत्तराचा अभिमान होता. कोणीही विचारलं की माझ्याकडे ते तयार असायचं.

रविवारी पहिलं पोतं उघडून चाळायला घेतलं. शाळेतून मी सोमवार ते गुरुवार रजा घेतली होती, फक्त ज्वारीसाठी. रोज एक पोतं, असं बसवलं होतं. सोमवारी सकाळी शेंगीचा उजवा डोळा लाल दिसला. तर माझेही डोळे लाल होते. शिवलीलाताईंचेही होते. ज्वारी चाळायला लागलं की बारीक कोंडा उडतो, मानेला, कोपराला, पापण्यांना बसतो, घाम आला की आग होते. आठ दिवस सगळ्या गल्लीचे डोळे लाल असतात. मी तिचा डोळा कोमट पाण्याने पुसला आणि तिला खाली, पाण्याच्या माठाजवळ बांधलं. वहीत लिहिलं, शेंगी, उजवा डोळा लालसर, कोंडा. हो, लिहिलं. मी लिहीत नाही असं होत नाही.

मंगळवारी लाल होता आणि पाणी येत होतं. डोळ्यात निळेपणा जास्त वाटला. पण निळेपणाचं उत्तर माझ्याकडे होतं.

हे ऑफिसला निघताना म्हणाले, "डॉक्टरकडे नेऊन आणू का हिला? जाता जाता टाकतो."

"कोंडा गेलाय," मी म्हणाले. "उगाच तुमची अर्धी रजा जाईल. रविवारी मोकळे आहोत, तेव्हा दाखवू."

बुधवारी सकाळी शेंगीने भाकरी खाल्ली नाही. दूध घातलेली भाकरी. माठाखाली ओल असते, तिथे शहाबादी फरशीवर तिने डोक्याची उजवी बाजू दाबून धरली होती. मी हाक मारली तर शेपूट हललं, डोकं उचललं नाही. मी तिथे उभी होते. वर दोन पोती राहिली होती आणि मंगळवेढ्याच्या बाजूने आभाळ यायला लागलं होतं. अवकाळी पावसाचं त्या आठवड्यात सगळे बोलत होते. उघडी ज्वारी भिजली तर वर्ष गेलं. शिवलीलाताई वरून हाका मारत होत्या, "अहो, या लौकर, वारं सुटलंय!" मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. डोक्याला हात लागताच ती आक्रसली. मग मी वर गेले.

पाऊस आला नाही. नुसतं आभाळ आलं आणि गेलं.

गुरुवारी संध्याकाळी चौथं पोतं कोठीत गेल्यावर आम्ही तिला घेऊन गेलो. डॉक्टरांनी विजेरी लावली आणि त्यांचं बोलणं थांबलं. मग डोळ्यावर ते दाब मोजायचं यंत्र टेकवलं. "हे कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"काल-परवापासून," मी म्हणाले.

हे माझ्या शेजारी उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग भिंतीवरच्या चित्राकडे पाहायला लागले. त्यात एक गाय होती आणि तिच्या अवयवांची नावं होती.

डॉक्टर सांगत होते, डोळ्याच्या आत पाणी तयार होत असतं, त्याचा बाहेर जायचा रस्ता बुजला की आत दाब चढत जातो. काचबिंदू. हा निळेपणा तो वयाचा नव्हे, हा वरच्या पडद्याचा आहे. म्हणूनच एका डोळ्यात वेगळा दिसतोय. ह्या डोळ्याने तिला आता दिसत नाही, दिसणारही नाही. मी विचारलं, लवकर आणलं असतं तर? ते म्हणाले, "सांगता येत नाही. पहिल्या दिवशी प्रयत्न तरी करता येतो." आणि मग, औषध लिहिता लिहिता, सहज म्हणाले, "माणसाला झालं तर डोकं भिंतीवर आपटून घेतो. कुत्री रडत नाहीत ना. नुसती गप्प होतात, खायचं सोडतात."

त्या रात्री मिनूचा फोन आला. ती पुण्याला नोकरी करते. मी सांगितलं, "एका रात्रीत झालं गं. डॉक्टर म्हणाले, होतं असं." ती रडली, आणि रडता रडता म्हणाली, "बरं झालं आई, तू होतीस. दुसरं कोणी असतं तर लक्षातपण आलं नसतं." ह्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली, परत उघडली.

तो डोळा आठ दिवसांनी काढावा लागला, कारण दिसत नसला तरी दुखत होता. त्या जागी नुसती शिवण राहिली, त्यावर हळूहळू शेंगेच्या रंगाचे केस आले. दुसऱ्या डोळ्यालाही हे होऊ शकतं, थेंब घालत राहा, जितके महिने मिळतील तितके मिळतील, असं डॉक्टर म्हणाले.

ते थेंब मी एकदाही चुकवले नाहीत. सकाळी आठ, दुपारी दोन, रात्री आठ. दुपारच्यासाठी शाळेच्या ऑफिसातून जेवणाच्या सुट्टीत घरी यायचे. सोलापूरचा वैशाख, डांबर पायाला चिकटतं अशा उन्हात स्कूटरवर वीस मिनिटं यायचं, दोन थेंब घालायचे, पाच मिनिटं तिचं तोंड धरून बसायचं आणि वीस मिनिटं परत. बाटली फ्रिजच्या दारात होती, वर कागद लावलेला, त्यावर खुणांच्या रांगा. बाटलीचं झाकण फिरवलं की शेंगी आपण होऊन यायची, बसायची, तोंड वर करायची. थेंब थंड असायचा. ती एकदा डोळा मिटायची आणि मग माझ्या मनगटाला जीभ लावायची. दरवेळी.

शिवलीलाताई म्हणायच्या, "एवढं मी माझ्या सासूचं केलं नाही गं."

"तुमच्या सासूबाईंनी तोंड वर करून बसायला हवं होतं," मी म्हणायचे. दोघी हसायचो. गल्लीत माझं नाव झालं होतं. मिनू पुण्यात मैत्रिणींना सांगायची, माझी आई ना, चार्ट लावून औषध घालते. मला वाटायचं, कोणीतरी एकदा तरी विचारावं की एवढं का करतेस. कोणी विचारलं नाही. माणूस शिस्तीचं असलं की त्याच्या शिस्तीमागे काही असेल अशी शंका लोकांना येत नाही.

दुसरा डोळा भाद्रपदात गेला. किती तारखेला, ते मला माहीत नाही. हे एकच मी लिहू शकले नाही. गौरी जेवल्या त्या दुपारी मी चपला रोजच्यासारख्या दारात न काढता फाटकाशीच काढून अनवाणी आत आले. शेंगी दाराकडे तोंड करून बसली होती. सरळ माझ्याकडे बघत होती. मी दोन पावलं आत आले, ती तशीच. शेपूट हललं नाही. कान हलले नाहीत. मी श्वास धरून उभी राहिले. तिच्या त्या उरलेल्या डोळ्यात मागची खिडकी दिसत होती, खिडकीतलं आभाळ दिसत होतं, आणि मी कुठेच नव्हते. मग मी हळूच म्हणाले, "बा." ताबडतोब शेपूट जमिनीवर आपटायला लागलं. म्हणजे किती दिवस ती माझ्या चपलांच्या आवाजाला शेपूट हलवत होती आणि मी समजत होते की तिला मी दिसते?

त्यानंतरचे तीन महिने फार शांत गेले. घराचा नकाशा तिला पाठ होता. फरशीवर तिच्या नखांचा टिकटिक आवाज, एका ठराविक जागी वळण, मग पाणी पिण्याचा आवाज. गच्चीवर ती चढू शकत नव्हती, थंडी पडल्यावर हे तिला उचलून उन्हात नेऊन ठेवायचे. उन्हाकडे ती तोंड करायची. बिनडोळ्याची बाजूसुद्धा. डोळ्याने दिसत नसलं तरी उजेड कळत असावा, निदान ऊब. मार्गशीर्षातल्या एका सकाळी तिथेच, त्या उन्हात, तिचं श्वास घेणं थांबलं. मी शाळेत होते. ह्यांनी फोन केला, फक्त "ये" म्हणाले.

मिनू आली होती तेव्हा. माझ्या गळ्यात पडून म्हणाली, "तिला तुझ्याइतकं कोणी केलं नसतं, आई." मी तिची पाठ थोपटत राहिले. तेव्हा सांगायला हवं होतं. तेव्हा नाही तर तेराव्या दिवशी, नाही तर संक्रांतीला. खरं बोलण्यासाठी मी दिवस ठरवत राहिले, जसा त्या रविवारचा ठरवला होता.

ह्या शनिवारी पोती आली. मिनू सुट्टीवर आली होती, म्हणाली, "ह्या वर्षी मी मदत करते, नाहीतर तू एकटीच बसशील." रविवारी दहा वाजता आम्ही गच्चीवर होतो. ऊन अजून सोसण्यासारखं होतं. तिला चाळायला नीट येत नाही, चाळणी जोरात हलवते, कोंडा सगळा तोंडावर. मी दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगायच्या आत तिने चाळणी खाली ठेवली आणि डोळा चोळायला लागली.

"चोळू नकोस!" मी एवढ्याने ओरडले की शेजारच्या गच्चीवरून शिवलीलाताईंनी मान वर केली. मी उठून तिचं तोंड धरलं, उजेडाकडे फिरवलं, पापणी वर ओढली.

"आई, दुखतंय! सोड ना. कोंडा गेलाय नुसता."

मी सोडलं. ती हसत होती, डोळ्यातून पाणी येत होतं. मी तिला रुमाल भिजवून दिला आणि समोर बसले.

"शेंगीच्या वेळी मी हेच म्हणाले होते," मी म्हणाले. "कोंडा गेलाय."

"कधी?"

"ते एका रात्रीत झालं नव्हतं, मिनू. सोमवारी सकाळी डोळा लाल होता. आम्ही गुरुवारी संध्याकाळी नेलं."

ती बोटांवर मोजायला लागली. माझीच सवय आहे ती. चार बोटं झाल्यावर तिने हात खाली घेतला.

"बाबांना माहीत होतं?"

"ते मंगळवारी नेतो म्हणाले होते. मी नको म्हणाले."

"दुखत होतं तिला?"

"खूप."

"तुला कळत होतं का, आई?"

वर्षभर मी ह्या प्रश्नाचं उत्तर तयार करून ठेवलेलं होतं. सगळ्या गल्लीचे डोळे लाल होते. आभाळ आलं होतं. डॉक्टरांनीच निळेपणाचं काही नाही म्हणून सांगितलं होतं. ह्यातलं काहीही खोटं नव्हतं.

"बुधवारी कळलं," मी म्हणाले. "तिने डोकं फरशीला दाबून धरलं होतं. मी बघितलं. पण दोन पोती राहिली होती."

मिनूने ओला रुमाल डोळ्यावर धरला. मग उठली, माझ्या शेजारून गेली आणि खाली उतरली. मी उरलेलं पोतं एकटीने केलं. का केलं ते माहीत नाही, हात थांबेनात.

संध्याकाळची तिची पुण्याची गाडी ठरलेलीच होती. ह्यांनी रिक्षा आणली. मी कडक भाकऱ्या आणि चटणी बांधून दिली, ती तिने घेतली. रिक्षात बसल्यावर बॅग मांडीवर घेऊन ती समोर बघत राहिली. मग म्हणाली, "तू उन्हातून यायचीस ना तिच्या थेंबांसाठी. रोज. मला वाटायचं, आईचा किती जीव आहे तिच्यावर."

ती माझ्याकडे बघत नव्हती. रिक्षावाल्याने गाडी सुरू केली.

जीव होता गं, मला म्हणायचं होतं. त्या बुधवारीसुद्धा होता. रिक्षा कोपऱ्यावर वळेपर्यंत मी दारात उभी होते.